आपांनी न उघडलेली डबी

शकीला आपा गेल्याची बातमी मला मोबाइलवरच्या गटात कळली. वृद्धाश्रमात आई-वडील ठेवलेल्या आम्हा लेकरांचा तो गट. लेकरं म्हणजे पन्नाशी-साठीतली, केस रंगवणारी. एरवी तिथं सुप्रभातची फुलं असतात, नाहीतर गुडघेदुखीवरचे घरगुती उपाय. त्या मंगळवारी सकाळी सचिवांचा निरोप होता, ‘आपल्या आश्रमात औषधांचं काम पाहिलेल्या शकीला आपा यांचं आज पहाटे तेरला हृदयविकारानं निधन झालं. दफनविधी दुपारी.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी चहा पीत होतो. मीही दोन हात जोडून पाठवले, बशीतला उरलेला चहा प्यायलो आणि अंघोळीला गेलो. धाराशिवहून दुपारची गाडी होती, माझी रजाही शिल्लक होती. मी गेलो नाही. कॉलेजच्या कार्यालयात जाऊन दिवसभर परीक्षेच्या अर्जांवर शिक्के मारत बसलो, आणि कुणी विचारलं नसतानाही दोघा-तिघांना सांगितलं की आज कामाचा फार रेटा आहे.

आठवड्यानं या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. मी अधूनमधून लिहितो हे त्यांना माहीत आहे. म्हणाले, ‘आपांवर तुम्हीच लिहा. त्यांच्या हातून चूक झाली तरी तुम्ही किती मोठ्या मनानं घेतलंत, हे सगळ्यांना ठाऊक आहे.’ मी हो म्हणालो. दोन पानं लिहूनही काढली. सेवेची मूर्ती, मायेची सावली, असं सगळं होतं त्यात. वाचून बघितलं आणि माझीच मला किळस आली. ती पानं आपांच्या हातात पडली असती तर त्यांनी चष्मा सारखा करून विचारलं असतं, ‘सर, यात नेमकं काय आहे?’ बाटलीवरच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच बाटलीत असलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. म्हणून ती पानं फाडली आणि हे नव्यानं लिहायला बसलो. माझ्या मोठ्या मनाचीच ही गोष्ट आहे, तेव्हा वाचकांनी जरा धीर धरून वाचावी.

आमचं गाव अणदूर. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. मेंढरांमागं हयात काढलेला माणूस. आई गेल्यावर दोन वर्षं ते धाराशिवला माझ्याकडं राहिले. मी आणि माझी बायको सुनंदा, दोघंही नोकरीला. दिवसभर घरात एकटा म्हातारा. एकदा मोरीत पाय घसरून पडले आणि मी घरी येईपर्यंत तसेच पडून होते. मग आश्रमात ठेवलं. भावकीनं तोंडात शेण घालायचं ते घातलंच. म्हणूनच की काय, आश्रमात गेलो की मी जरा छाती काढून चालायचो. सगळ्यांशी मोठ्यानं बोलायचो, मुलगा कसा काळजी घेतो हे दिसलं पाहिजे ना!

औषधांची खोली म्हणजे तिथली पूर्वीची कोठी. एक लोखंडी कपाट, एक टेबल, ऊन येऊ नये म्हणून खिडकीला जाड पडदा, आणि कोपऱ्यात ओल्या पोत्यात गुंडाळलेला माठ. पहिल्याच दिवशी मी चेष्टेनं म्हणालो, ‘आपा, गार पाणी फक्त तुम्हालाच का?’ त्यांनी माठावरचं झाकण उचलून दाखवलं. आत पाणी नव्हतं, झाकणाच्या डब्यात इन्शुलिनच्या बाटल्या होत्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि फ्रिज बंद पडला तर औषध नासायचं, म्हणून ही सोय. त्या येण्याआधी इन्शुलिन स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीला टेकून असायचं. आपांनी सचिवांचा पिच्छा पुरवून औषधांसाठी वेगळा छोटा फ्रिज मिळवला आणि त्यालाही कुलूप लावलं. मूळच्या त्या तेरच्या. चौथीपर्यंत उर्दू शाळा, पुढं मराठी, मग नर्सिंग, आणि सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांतून. निवृत्त झाल्या, नवरा गेला, आणि इथं आल्या. आठवडाभर आश्रमात मुक्काम, शुक्रवारी तेवढ्या तेरला लेकीकडं. फिक्या रंगाची सुती साडी, डोक्यावर पदर आणि कपाटाची किल्ली कनवटीला.

कपाटात प्रत्येकाचा वेगळा डबा होता. डब्यावर नाव, पण नुसत्या नावावर आपांचा भरवसा नव्हता, कारण आश्रमात तीन काशीबाई होत्या. म्हणून नावाशेजारी त्या माणसाचा फोटो. ‘नाव चुकतं सर, थोबाड चुकत नाही,’ असं म्हणून त्या स्वतःच हसल्या होत्या. दिसायला सारख्या गोळ्या एका कप्प्यात ठेवायच्या नाहीत. डोळ्यांचे थेंब उघडले की बाटलीवर त्या दिवसाची तारीख घालायची आणि महिना झाला की आत अर्धं औषध का असेना, बाटली बाद. गोळ्यांची पट्टी कापायची तर नाव आणि मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत शाबूत राहिलं पाहिजे. कुणी वारलं की त्याचा डबा त्याच दिवशी रिकामा. सचिव म्हणायचे, चांगल्या गोळ्या आहेत, दुसऱ्या कुणाला तरी चालतील. आपा म्हणायच्या, ‘मेलेल्याची चप्पल कुणी घालत नाही साहेब, गोळी कशी देऊ?’ आणि गोळी देताना ती कशाची हे मोठ्यानं सांगायच्या, समोरच्याकडून वदवून घ्यायच्या. ‘आण्णा, ही बीपीची. म्हणा, बीपीची.’ आण्णांनी शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण आपांपुढं पाढे म्हटल्यासारखं म्हणायचे, आणि मग दोघंही खुश.

रविवार भेटीचा दिवस. आपा व्हरांड्यात टेबल टाकून बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बघायच्या. बाहेरची गोळी परस्पर आत जाता कामा नये. आणायचीच असेल तर पट्टीसकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, त्यांच्या हातात द्यायची. लोक वैतागायचे. एका सुनेनं चिवड्याच्या तळाशी गोळ्या लपवल्या होत्या, तर आपांनी सगळा चिवडा परातीत ओतून त्या शोधून काढल्या आणि चिवडा पुन्हा नीट भरून दिला. मी म्हणालो, ‘आपा, यापरीस विमानतळावरची झडती परवडली.’ त्या म्हणाल्या, ‘विमानात माणूस दोन तास असतो सर. इथं मुक्काम आहे.’ त्यांचं आणखी एक बोलणं मला पाठ झालं होतं, कारण दर रविवारी ते कुणाला ना कुणाला ऐकावं लागायचं. ‘गोळीला तोंड नसतं. ती कोण आहे हे तिच्या अंगावरचा कागद सांगतो. कागदातून काढली की ती लावारिस.’

आण्णा आश्रमात आले त्या दिवशी त्यांच्याही गाठोड्याची तपासणी झाली. धोतरं, घोंगडी, तंबाखूची चंची आणि उपरण्यात गुंडाळलेली पितळेची डबी. आपांनी डबीकडं हात नेला तसे आण्णा म्हणाले, ‘त्यो भंडारा हाय. मल्हारीचा.’ आपांनी हात मागं घेतला. म्हणाल्या, ‘मग ही तुम्हीच उचला आण्णा. देवाची चीज आहे, माझ्या हाताला दिवसभर दवाई लागलेली असते.’ आण्णा म्हणाले, ‘उगडून बगा की. आमचा द्येव काय बाटत न्हाय.’ ‘नको आण्णा,’ आपा म्हणाल्या, ‘हिची झडती नाही घेणार मी.’ आण्णांना ते इतकं भावलं की अणदूरचं कुणी भेटायला आलं की आधी ही हकिकत सांगायचे, मग तब्येतीचं. मी ताजा भंडारा आणला की चिमूटभर कागदात बांधून ते आपांना द्यायचे आणि आपा तो दोन्ही हातांनी घ्यायच्या. माझ्या मात्र दुसरंच काही लक्षात राहिलं. या बाईच्या टेबलावरून न उघडता आत जाणारी एक वस्तू आहे, हे लक्षात राहिलं. तेव्हा मनात काही काळंबेरं नव्हतं, पण राहिलं खरं.

आण्णांचे गुडघे पार झिजलेले. आश्रमात येणाऱ्या डॉक्टरांनी त्यांची दुखणं थांबवायची जुनी गोळी बंद केली. मूत्रपिंडाला झेपत नाही म्हणाले. खाणं कमी झालं होतं म्हणून साखरेची गोळीही अर्ध्या ताकदीची केली. साखरेचं आण्णांना काही वाटलं नाही, पण गुडघ्याच्या गोळीवाचून कासावीस व्हायचे. ‘भास्करा, ती पांडरी गोळी आन की रं. लई ठनकतंय.’ एका रविवारी मी चार गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून शर्टाच्या खिशात टाकल्या. आपांनी पिशवी बघितली, मग माझा खिसा बघितला. ‘सर, ते काय?’ मागं रांग. पुडी उघडावी लागली. ‘कशाची आहे?’ ‘गुडघ्याची.’ ‘नाव काय?’ मला नाव आठवेना. ‘तुम्ही तर शिकलेले, सर...’ एवढंच म्हणून त्यांनी पुडी माझ्या हातात परत ठेवली. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान तापले. कॉलेजात प्राचार्यसुद्धा मला विचारून सही करतात, आणि ही कोण लागून गेली मला शिकवणारी, असं तेव्हा मनात आलं. त्यानंतर मी जे केलं ते आण्णांच्या गुडघ्यांसाठी केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. मला आपांना हरवायचं होतं.

भंडारा संपत आला होता म्हणून डबी भरून आणायला मी घरी घेऊन गेलो. अणदूरला जाऊन ताजा भंडारा आणला. आमच्या घरी गोळ्यांचा एक डबा होता. तुमच्याही घरी असेल. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. पट्ट्या जागा खातात, त्यांच्या कडा टोचतात, म्हणून गोळ्या सोलून त्यात टाकायच्या. बऱ्या झालेल्या, न झालेल्या सगळ्या दुखण्यांच्या गोळ्या एकत्र. आण्णा आमच्याकडं असताना घ्यायचे त्याही त्यातच. मी पांढऱ्या, गोल, तुरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या वेचल्या. सुनंदा म्हणाली, ‘नीट बघून घ्या हं, सगळं एकात एक झालंय.’ मी म्हणालो, ‘मला कळतं.’ डबीच्या तळाशी गोळ्या पसरल्या, वर भंडारा दाबून भरला. देवाच्या डबीत हे काय करतोय, असं एकदाही मनात आलं नाही. रविवारी आपांनी पिशवी बघितली, वरच ठेवलेली डबी बघितली, मान लववली आणि म्हणाल्या, ‘जा सर, आण्णा वाट बघतायत.’ मी आण्णांच्या कानात सांगितलं. म्हातारा तान्ह्या लेकरासारखा हसला. ‘मल्हारी पावला,’ म्हणाला. मलाही मोठी मर्दुमकी गाजवल्यासारखं वाटलं.

गुरुवारी दुपारी फोन आला. आपांचाच. आण्णा जेवणाआधी ओट्यावर बसले होते, एकाएकी अंग घामानं थबथबलं आणि ते मेंढरांना हाका मारायला लागले. कुणी म्हणालं ऊन बाधलं, कुणी म्हणालं अंगात आलं. आपांनी बोटाला सुई टोचून साखर तपासली तर ती पार तळाला. गिळता येत होतं तोवर त्यांनी साखरेचं पाणी पाजलं, रिक्षा बोलावली आणि आण्णांचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा सलाइन लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘साखरेची गोळी जास्त गेलीय. दोन दिवस नजरेखाली ठेवावं लागेल. या बाईंनी वेळेवर आणलं म्हणून...’ पुढचं मी ऐकलं नाही. पांढऱ्या, गोल. गुडघ्याच्या म्हणून मी वेचलेल्या गोळ्यांत आण्णांच्या जुन्या, पुऱ्या ताकदीच्या साखरेच्या गोळ्या मिसळलेल्या होत्या. सकाळची आपांच्या हातची, आणि वरून गुडघ्याच्या समजून घेतलेल्या दोन. भंडाऱ्यात घोळून तर सगळ्याच पिवळ्या झालेल्या, आण्णांनी ओळखायच्या तरी कशा?

आण्णांचे कपडे घेऊन येतो असं सांगून मी आश्रमात गेलो. कपडे हे निमित्त. डबी परातीत उपडी केली, गोळ्या वेचल्या, खोलीतल्या मोरीत टाकल्या आणि वर बादलीभर पाणी ओतलं. भंडारा परत डबीत भरत होतो तेव्हा दाराशी आपा उभ्या होत्या. आण्णांचा औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवायला न्यायचा म्हणून त्याही परत आल्या होत्या. त्यांनी परातीकडं बघितलं, मोरीपर्यंत गेलेल्या पिवळ्या ओघळाकडं बघितलं, माझ्या बोटांकडं बघितलं. ‘सर,’ त्या म्हणाल्या, ‘हात धुवून घ्या, मग आण्णांकडं जा.’ आणि गेल्या. मी हात धुतले. साबण लावून दोनदा धुतले.

तिसऱ्या दिवशी बैठक झाली. सचिव, दोन विश्वस्त, आपा आणि मी. नोंदवहीत गुरुवारी सकाळच्या गोळीपुढं आपांची सही होती. गोळी एकदाच दिली, असं त्या म्हणाल्या. त्यावर एक विश्वस्त म्हणाले, ‘वय झालं की दिलेलं विसरून माणूस दुसऱ्यांदा देतो, बाई. तुम्ही मुद्दाम केलंत असं कुणी म्हणत नाही.’ आपा पुढं काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, रविवारी टेबलापाशी समोरच्यानं पिशवी उघडायची वाट बघताना जशा बघायच्या तशाच बघत राहिल्या. सचिव म्हणाले, ‘सर, तुम्ही मुलगा आहात. तक्रार द्यायची तर तुमचा हक्क आहे.’ मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हणालो, ‘माणूस आहे, चूक होते. माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही.’ विश्वस्तांनी माझा हात हातात घेतला. ‘याला म्हणतात मन,’ म्हणाले. खोटी तक्रार दिली असती तर ते निदान उघड पाप झालं असतं. मी त्यांना माफ केलं. गुन्हा माझा, आणि चारचौघांत माफी मी त्यांना दिली! आपा उठल्या, कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली, ‘जी’ म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. त्या दिवसापासून त्यांना धुण्याच्या आणि स्वयंपाकघराच्या देखरेखीवर टाकलं.

आण्णा बरे होऊन परत आले. त्यांनी मला एकदाच विचारलं, ‘म्या तर गुडघ्याच्या दोन घेतल्या व्हत्या, त्यानं तर काय झालं नसंल?’ मी म्हणालो, ‘छे, गुडघ्याच्या गोळीनं असं होत नाही. आपांनी साखरेची दोनदा दिली. डबीचं मात्र कुणाला बोलू नका.’ आण्णांचा माझ्यावर विश्वास. कॉलेजात नोकरी करणारा लेक, तो चुकीचं कशाला सांगेल? पुढच्याच रविवारी मी तिथं असताना आपा त्यांच्यासाठी चहा घेऊन आल्या. आण्णांनी कप घेतला नाही. म्हणाले, ‘तुमच्या हातचं पानीबी नगं मला. डबीला हात लावला न्हाय तवा म्या तुमाला देवमानूस समजलो. तुमी तर माज्या जिवावर उटला व्हता.’ मी पलंगाच्या दांडीला धरून उभा होतो. आपांनी कप खिडकीत ठेवला. ‘बरं आण्णा,’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून आण्णांचा बिनसाखरेचा चहा दुसऱ्या कुणाच्या तरी हातून येऊ लागला. तीन महिन्यांत आपा काम सोडून तेरला गेल्या. तब्येतीचं कारण दिलं होतं.

त्यानंतर एकदाच भेट झाली, धाराशिवच्या बसस्थानकावर. मी कुणाला तरी सोडायला गेलो होतो, त्या तेरच्या गाडीची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. मला टाळता आलं असतं, पण त्यांनीच हाक मारली. ‘आण्णा कसे आहेत? गुडघ्याला तेल लावून शेकता का? गरम पाण्याच्या पिशवीवर फडकं गुंडाळा सर, म्हाताऱ्या माणसाची चामडी पातळ असते.’ मी मान हलवत होतो. मग त्यांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मला बसायला जागा करून दिली होती त्यांनी. मी म्हणालो, ‘येतो आपा, तुमची गाडी लागली वाटतं.’ गाडी लागायला अजून बराच अवकाश होता, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

दफनाला गेलो नव्हतो तो पंधरा दिवसांनी तेरला गेलो. आपांची लेक नसरीन अंगणवाडीत काम करते. तिनं ओसरीत खुर्ची दिली, पाणी दिलं. मी एका दमात सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, ‘अम्मीला माहीत होतं, सर. मला तिनं लई उशिरा सांगितलं. मी भांडले तिच्याशी, तू बोलली का नाहीस म्हणून. तर म्हणाली, मी डबीचं नाव काढलं असतं तर लोकांनी आधी मलाच विचारलं असतं, देवाच्या डबीत काय होतं ते तुला कसं कळलं, हात लावलास का? आणि म्हणाली, आण्णांना तेवढी एक डबीच आपली आहे तिथं, ती त्यांच्या मनातून कशाला उतरवू?’ नसरीननं डोळे पुसले नाहीत, आवाजही चढवला नाही. ‘चूक माझी पण आहे म्हणायची. आण्णा स्वतः उघडा म्हणत होते आणि मी उघडली नाही, म्हणायची. बाकी तुम्ही येऊन सांगाल असं तिला वाटायचं. धाराशिवचा फोन आला की विचारायची, सरांचा आहे का...’ मी खाली बघत होतो. ती म्हणाली, ‘मला सांगून काय करू मी, सर? जिथं ती किल्ली ठेवून आली तिथं सांगा.’

म्हणून सचिवांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, ‘झालं गेलं गंगेला मिळालं, सर. आता त्याही राहिल्या नाहीत, कशाला कोळसा उगाळायचा?’ मी म्हणालो, इतिवृत्तात लिहून घ्या. ते बघू म्हणाले. परत निघताना औषधांच्या खोलीत डोकावलो. माठ कुणीतरी पाण्यासाठी बाहेर नेला होता. डब्यांवरचे काही फोटो सुटून पडले होते आणि टेबलावर एका वाटीत चार-पाच सुट्या गोळ्या होत्या. कुणाच्या म्हणून विचारलं, तर तिथल्या नव्या बाई म्हणाल्या, ‘असतील कुणाच्या तरी.’ इतिवृत्तात कधी लिहिलं जाईल माहीत नाही, म्हणून इथं लिहितो. आपांनी गोळी दोनदा दिली नव्हती. जादाच्या गोळ्या मी आणल्या होत्या, पट्टीतून काढलेल्या, नाव नसलेल्या, आणि त्या बाईनं ज्या वस्तूचा मान राखला त्याच वस्तूत लपवून आणल्या होत्या. माझ्या बापाचा जीव त्यांनी वाचवला आणि मी त्यांना दोषी ठरू दिलं. याची लाज वाटते. रोज वाटते, आणि ती वाटून कुणाचंही काही भलं होत नाही, याचीही वाटते.

राहिले होते आण्णा. गेल्या रविवारी त्यांच्या पलंगावर बसलो आणि सांगितलं. बिस्किटांच्या डब्यापासून मोरीपर्यंत सगळं. ऐकताना ते घोंगडीचे धागे ओढत होते. ‘म्हंजी तिनं दोनदा दिली न्हवती?’ ‘नाही, आण्णा.’ ‘तुला तवाच ठावं व्हतं?’ ‘हो.’ मला वाटलं, शिव्या घालतील, हात उचलतील. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. पाय खाली सोडले आणि पलंगाखाली चपला चाचपायला लागले. ‘बोलाव तिला,’ म्हणाले. ‘न्हायतर मलाच घिऊन चल. म्या लई वंगाळ बोललो तिला, त्ये माघारी घ्याया पायजे.’ एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना. आपा गेल्याचं मी त्यांना कळू दिलं नव्हतं. जिवाला लावून घेतील म्हणून आश्रमातही सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. ‘भास्करा, बगत काय बसलास? ऊठ की,’ म्हणाले. मी त्यांचा हात धरून त्यांना परत पलंगावर बसवलं आणि सांगितलं.